आलो नव्हे, आले

"ज्याला पुढे, मागे आणि थांब एवढं कळतं, ते कुठलंही यंत्र मी चालवून दाखवीन," हे वाक्य मास्तर दिवसाकाठी एकदा तरी म्हणत. म्हणायचा त्यांना हक्कही होता. एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. त्यांच्या शेजारी बसून एक न्यायाधीश, दोन सर्जन आणि अग्निशमन दलातला एक अधिकारी गाडी शिकून गेले होते. शाळा विकून दोन वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जाई. हल्ली तर सोफ्यावर बसून टीव्ही बघतानाही दाबला जायचा. समोरचं कार्पेट त्या एका जागी झिजलं होतं.

त्यांची लेक जनावरांची डॉक्टर. आठवडाभर गुरांच्या, घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या मागे फिरायची आणि रविवारी दुपारी चार वाजले की खोलीचं दार लावून घ्यायची. मग आतून आवाज येत, "वकील मेला, वकिलाला आधी उठवा," किंवा "तू बाण मार, मी औषध देते." सुरुवातीला मास्तर आणि त्यांची बायको दाराशी कान लावून उभे राहत. पुढे कळलं की हा ऑनलाइन खेळ आहे. कॉलेजातले चार मित्र-मैत्रिणी, आता चार गावांना पांगलेले, रविवारी दोन तास एका जादूच्या जंगलात भेटतात. वकील झालेला मित्र तिथे ढाल घेऊन पुढे चालणारा ढालकरी असतो. आर्किटेक्ट मैत्रीण तिरंदाज असते. औषधाचं दुकान असलेला केमिस्ट मांत्रिक असतो. आणि मास्तरांची लेक असते वैदीण, सगळ्यांना औषध देऊन जिवंत ठेवणारी.

आठ महिने खपून या चौघांनी एका गुहेच्या किल्ल्या जमवल्या होत्या. गुहेत ड्रॅगन होता. चौघं हजर असल्याशिवाय गुहेचं दार उघडत नसे, आणि चौघं हजर राहायला तयार नव्हते. एकदा वकिलाला काम आलं, एकदा केमिस्टला, दोनदा आर्किटेक्टला. शेवटी भांडण झालं. बारा वर्षांची मैत्री, पण आठ दिवस कुणी कुणाशी बोलेना. मग मास्तरांच्या लेकीनंच गटावर लिहिलं, "या रविवारी जो येणार नाही, तो गटातून कायमचा बाहेर. कारणं ऐकली जाणार नाहीत." बाकी तिघांनी खाली अंगठा उमटवला.

आणि त्या रविवारी अडीच वाजता तिचा फोन वाजला.

"गाय अडलीय," फोन ठेवून ती म्हणाली. "वासरू आडवं आहे. तासाभराचा रस्ता आहे. मला जावंच लागेल."

"मग कळव की तुझ्या मंडळींना," मास्तर म्हणाले.

"काय कळवू? नियम मीच केलाय." ती बूट घालता घालता थांबली आणि वडिलांकडे बघायला लागली. "बाबा, तुम्ही बसाल?"

"कुठे?"

"माझ्या जागी. चार ते सहा."

शब्दकोडं सोडवत बसलेली बायको मान वर न करता म्हणाली, "त्यांना मोबाइलचा अलार्म बंद करता येत नाही."

"अलार्मला पुढे-मागे नसतं," मास्तर म्हणाले. "बसतो. त्यात काय आहे?"

लेकीनं त्यांना दहा मिनिटांत शिकवलं. बाणाची बटणं दाबून चालायचं. कुणाच्या डोक्यावरची लाल पट्टी कमी झाली की त्याच्याकडे वळून एक नंबरचं बटण, त्याला औषध मिळतं. सगळ्यांच्याच कमी झाल्या की दोन नंबरचं. हे सगळं तिनं एका कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवलं.

"बाकी कशाला हात लावायचा नाही. ते तिघं मुरलेले आहेत, काय करायचं ते त्यांना कळतं. वकील पुढे जाईल, तुम्ही त्याच्या मागे राहा. बस्स."

"आणि बोलायचं काय?"

"बोलायचं नाही. माझा माइक बिघडलाय असं मी कळवते. तुम्ही फक्त लिहायचं. पण लिहिताना तुम्ही मी आहात, लक्षात ठेवा. 'आलो' नाही, 'आले'. 'करतो' नाही, 'करते'. आणि 'तुम्ही' म्हणायचं नाही कुणाला. आमचं सगळं अरे-तुरे असतं."

"वकिलालाही?"

"वकिलाला तर आधी."

ती गेली. मास्तर आरशासमोर उभे राहून पुटपुटायला लागले. "आले. गेले. बसले. दमले." बायको तोंड न हलवता हसली आणि पुन्हा शब्दकोड्यात शिरली.

चारला पाच मिनिटं असताना मास्तर लेकीच्या खुर्चीवर बसले. आधी त्यांनी खुर्ची पुढे घेतली. मग पाठ सरळ केली. मग मागचं दिसावं म्हणून आरसा शोधला, तो नव्हता. पडद्यावर हिरवी शाल पांघरलेली, लांब वेणीची एक बाई काठी घेऊन उभी होती. तीच आता मास्तर होती. त्यांनी पुढचं बटण दाबलं, ती चालायला लागली. मास्तरांनी तिला पायवाटेच्या कडेकडेनं नेलं आणि जिथे दोन वाटा मिळत होत्या तिथे थांबवून आधी दोन्हीकडे पाहिलं.

गुहेच्या दाराशी बाकीचे तिघं उभे होते. दगडी कमानीखाली बंद दार, आणि त्याच्यासमोर जमिनीत चार गोल शिळा. एका शिळेवर निळ्या झग्यातला मांत्रिक दाराकडे तोंड करून उभा होता आणि दर चार सेकंदांनी दारावर एक आगीचा गोळा फेकत होता. मास्तरांना वाटलं, दार ठोठावत असेल. जो पटाईत असतो तो बोलत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. शिवाय लेक म्हणाली होती, केमिस्टनं सकाळीच गटावर कळवलंय की, माझा माइक बंद आहे आणि बोट कापल्यामुळे लिहिताही येणार नाही, पण मी असणार.

कोपऱ्यातल्या चौकटीत शब्द उमटले.

"माझा माइक बिघडला आहे," ढालकऱ्यानं लिहिलं.

"माझाही," तिरंदाजानं लिहिलं.

"माझापण," मास्तरांनी लिहिलं. चौघांचे माइक एकाच दिवशी कसे बिघडले, याचं त्यांना क्षणभर नवल वाटलं. एकाच दुकानातून घेतले असतील, असं त्यांनी ठरवलं. मग शिष्टाचार म्हणून लिहिलं, "मी आलो." आणि घाईघाईनं खाली, "आले."

यानंतर पाच मिनिटं काहीच झालं नाही. मास्तर ढालकरी कधी निघतोय याची वाट बघत होते. ढालकरी उभाच होता. तिरंदाज उभी होती. मांत्रिक ठोठावत होता.

शेवटी ढालकऱ्यानं लिहिलं, "व्हा पुढे."

"आधी तुम्ही," तिरंदाजानं लिहिलं.

"छे छे, आपण व्हा."

मास्तरांनी लेकीचा कागद पाहिला. अरे-तुरे, असं तिनं दोनदा बजावलं होतं. ही मंडळी तर एखाद्या सत्कार समारंभात स्टेजवर चढायला लाजावं तशी एकमेकांना पुढे करत होती. भांडण झालं म्हणाली होती, तेव्हा अजून मनात अढी असेल. म्हणून इतकं औपचारिक. मास्तरांनी समजूतदारपणे लिहिलं, "भांडू नका रे. चल वकिला, हो पुढे."

ढालकरी निघाला. पण दाराकडे नाही. तो उजवीकडे वळला, कमानीच्या शेजारच्या दगडी भिंतीशी गेला आणि भिंतीतून पलीकडे जायचं असल्यासारखा चालत राहिला. पाय हलत होते, माणूस जागच्या जागी. ढाल भिंतीवर खडखड वाजत होती. एक मिनिट झालं. दोन झाली.

मास्तरांनी विचार केला, इथे चोरदरवाजा असणार. मुरलेल्या माणसाला ठाऊक असतं. पण तेवढ्यात त्यांच्या पाठीत एक बाण घुसला. वळून पाहिलं तर तिरंदाज. त्यांनी स्वतःलाच एक नंबरचं औषध दिलं. दुसरा बाण घुसला.

"मला का मारतेस?" त्यांनी लिहिलं.

"हललात म्हणून," उत्तर आलं. मग थोड्या वेळानं, "हललीस म्हणून."

मास्तरांचं डोकं गरगरायला लागलं. त्यांनी न हलता हळूच मोबाइल उचलला आणि लेकीला फोन लावला. फोन एका पुरुषानं घेतला.

"मॅडमना देता येणार नाही. त्यांचा हात आत आहे."

"कशाच्या आत?"

"गाईच्या."

"बरं. मग तुम्हीच विचारा तिला," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "म्हणावं, वकील भिंतीवर आपटतोय. काय करू?"

"वकील?"

"हो, वकील. तिला कळेल."

"साहेब, मी गाईचा मालक बोलतोय," तो माणूस जरा घाबरून म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही हो. मॅडम जिवापाड मेहनत करतायत. वकिलाची काय गरज आहे?"

मागून लेकीचा दमलेला आवाज आला, "कोण आहे?"

"तुमचे वडील. वकिलाचं काहीतरी म्हणतायत."

"त्यांना म्हणावं, वकिलाच्या मागे राहा. मागेच राहा. आणि आता फोन करू नका."

"मॅडम म्हणतायत, वकिलाच्या मागेच राहा," मालकानं निरोप सांगितला. आणि मग विनवणीच्या सुरात, "पण साहेब, खरंच सांगतो. गाईचं काही बरंवाईट झालं तरी माझी तक्रार नाही. हवं तर लिहून देतो."

"द्या," मास्तर म्हणाले. तो काय म्हणाला याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि आज्ञा पाळायला निघाले. पाठीत आणखी दोन बाण घेत ते ढालकऱ्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तेही भिंतीत चालायला लागले. हे बघून तिरंदाजही आली आणि त्यांच्या शेजारी भिंतीत चालू लागली. तिघं खांद्याला खांदा लावून पाऊण तास भिंतीत चालत होते. मागे मांत्रिक शांतपणे दार ठोठावत होता.

"काय चाललंय?" बायकोनं दारातून डोकावत विचारलं.

"डावपेच आहे," मास्तर म्हणाले.

बायको बघत राहिली. "ही मंडळी हरवलीत का?"

"मुरलेले खेळाडू आहेत. तुला नाही कळायचं."

"तुम्हाला कळतंय का?"

तेवढ्यात ढालकऱ्यानं लिहिलं, "एक मिनिट हं, दूध उतू जातंय. आलेच."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. आलेच. वकील हा पुरुष. लेकीनं दहा वेळा 'तो वकील' म्हटलेलं. मग 'आलेच' कसं? म्हणजे लेकीचा मित्र मैत्रीण आहे आणि बारा वर्षांत हिच्या ध्यानात आलं नाही? की ती आपल्याला फसवतेय? की आपण 'आले' लिहितोय म्हणून तो चिडवतोय?

"आले," ढालकऱ्यानं लिहिलं. "अर्धं गेलं ओट्यावर."

"मीही तेवढ्यात पाणी पिऊन आलो," तिरंदाजानं लिहिलं. आणि पाठोपाठ, "आले."

तो 'आलो' आणि त्याच्या खाली घाईनं उमटलेला 'आले' मास्तरांनी नीट पाहिला. हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. तासाभरापूर्वी, स्वतःच्या हातून.

एकतीस वर्षांत शेकडो माणसं त्यांच्या शेजारी येऊन बसली होती. त्यांतली निम्मी पहिल्या दिवशी सांगत, 'मला थोडी येते चालवता.' माणूस स्टिअरिंग कसं धरतो, हे बघून त्यांना अर्ध्या मिनिटात खरं काय ते कळे. आणि आज तासभर समोर दिसत असून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाजच वाटली. त्यांनी दोन्ही हात बटणांवर ठेवले आणि लेकीच्या सगळ्या सूचना बाजूला सारून, शाळेत विचारत तसं विचारलं.

"पहिल्यांदाच चालवताय का?"

"हो," ढालकऱ्यानं लिहिलं. "मी वकिलाची आई. त्याला अचानक जावं लागलं. फक्त पुढचं बटण दाबून ठेव, बाकीचे सांभाळतील, असं म्हणाला. कृपा करून त्याला गटातून काढू नका."

"मी आर्किटेक्टचा नवरा," तिरंदाजानं लिहिलं. "जे हलेल त्याला बाण मार, असं मला सांगितलंय. बाकीचे फार चांगले खेळतात म्हणाली. तुम्हाला लागलं असेल तर माफ करा."

"मी डॉक्टरणीचा बाप," मास्तरांनी लिहिलं. "मलाही तेच सांगितलंय."

तिघंही मांत्रिकाकडे वळले. मांत्रिकानं एक गोळा फेकला. चार सेकंदांनी दुसरा.

"हा मात्र खरा असावा," आर्किटेक्टच्या नवऱ्यानं लिहिलं. "बायको म्हणते जरा शिष्ट आहे. म्हणूनच बोलत नसेल."

"त्यांच्यासमोर आपली शोभा झाली," वकिलाच्या आईनं लिहिलं. "आता काय करायचं हो? आठ महिन्यांची मेहनत आहे मुलांची. त्या भांडणाच्या आठवड्यात माझा मुलगा नीट जेवत नव्हता."

मास्तरांनी खुर्ची आणखी जरा पुढे घेतली. समोर चालवता न येणारी माणसं होती आणि शिकवणारा एकच होता. अशा ठिकाणी त्यांचं डोकं नेहमीच थंड चालायचं.

"घाबरायचं काही कारण नाही," त्यांनी लिहिलं. "मी एकतीस वर्षं ड्रायव्हिंगचा मास्तर होतो. आधी सगळ्यांनी थांबा. बाई, पुढच्या बटणावरचं बोट उचला. उचललंत? छान. आता डावीकडचं बटण एकदाच, हलकेच. टेकवायचं, दाबायचं नाही."

ढालकरी गर्रकन तीनदा फिरला.

"हलकेच म्हणालो. पुन्हा."

पंधरा मिनिटं लागली, पण वकिलाची आई एका शिळेवर येऊन उभी राहिली. आर्किटेक्टच्या नवऱ्याला दुसऱ्या शिळेवर आणायला तेवढा वेळ लागला नाही, फक्त वाटेत त्यानं एक ससा आणि मास्तरांना दोनदा मारलं. शेवटी मास्तर चौथ्या शिळेवर चढले. जमीन हादरली आणि दार घरघरत वर गेलं.

आत मोठं दालन होतं. दालनाच्या मधोमध, खवल्यांचा, बैलगाडीएवढा, पिवळ्या डोळ्यांचा एक प्राणी उभा होता. त्यानं तोंड उघडलं तर आतून धूर आला.

"ड्रॅगन," आर्किटेक्टच्या नवऱ्यानं लिहिलं.

"अगं बाई," वकिलाच्या आईनं लिहिलं आणि घाबरून पुढचं बटण दाबलं. ती थेट त्या प्राण्याच्या पायाशी जाऊन पोचली. शेपटीचा एक फटका बसला आणि तिची लाल पट्टी निम्म्यावर आली. मास्तर एक नंबर बडवत सुटले. पट्टी भरायची, फटका बसायचा, पुन्हा रिकामी. आर्किटेक्टच्या नवऱ्याचे बाण खवल्यांवरून घरंगळत होते. वीस मिनिटं असं चाललं. प्राण्याची पट्टी केसभरही हलली नव्हती.

मांत्रिक मात्र दाराबाहेर आपल्या शिळेवर उभा होता आणि त्याचे गोळे उघड्या दारातून सरळ रेषेत येऊन पलीकडच्या भिंतीवर आपटत होते. मास्तरांच्या ध्यानात आलं की हा माणूस ढिम्म हलणार नाही. प्राण्यालाच त्याच्यापुढे न्यावं लागेल.

"मांत्रिकाच्या टप्प्यात आणायचं त्याला," त्यांनी लिहिलं. "बाई, तुम्हाला रिव्हर्स घ्यायचा आहे."

"मला पुढेच येत नाही."

"रिव्हर्स सोपा असतो. मागे बघू नका, मागे काय आहे ते मी सांगतो. खालचं बटण. टेकवा. थांबा. तो आला का पुढे? आला. पुन्हा टेकवा. आता थोडं डावीकडे. तुमचं डावीकडे. शाबास."

"मागे खांब आहे का हो?"

"खांब मी सांभाळतो. तुम्ही ढाल समोर ठेवा."

पाऊल पाऊल करत वकिलाची आई मागे सरकत होती आणि तो प्राणी तिच्यावर तुटून पडत पुढे येत होता. मास्तर एका हातानं औषध देत होते, एका हातानं लिहीत होते, आणि टेबलाखाली त्यांचा पाय कचकचून ब्रेक दाबत होता. बायको शब्दकोडं खाली टाकून मागे येऊन उभी राहिली होती. "जरा उजवीकडे घ्यायला सांगा तिला," ती म्हणाली. मास्तरांनी तसं लिहिलं. वकिलाच्या आईनं उजवीकडे घेतलं आणि पहिला गोळा धाडकन प्राण्याच्या बरगडीत बसला. त्याची पट्टी पाव झाली. दुसरा बसला. तिसऱ्याला तो कोसळला.

पडद्यावर सोनेरी अक्षरं झळकली आणि कर्णा वाजला. मास्तरांच्या बायकोनं त्यांचा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठला.

"मारला हो," वकिलाच्या आईनं लिहिलं. "मी मारला. मुलगा मला मोटारीच्या स्टिअरिंगला हात लावू देत नाही. मास्तर, मला या वयात गाडी येईल का शिकता?"

"तुम्ही आज जो रिव्हर्स घेतलात तो एका सर्जनला सहा महिने जमला नव्हता," मास्तरांनी लिहिलं, आणि ते खरं होतं.

मग सहा वाजले, खेळाची वेळ संपली. मुलांना काही कळू द्यायचं नाही, अशी तिघांनी एकमेकांना शपथ घातली आणि पांगले.

लेक साडेसातला आली. अंग चिखलानं भरलेलं, चेहरा फुललेला. "गाय बरी आहे. कालवड झाली. पण बाबा, त्या मालकाला तुम्ही काय सांगितलंत? त्यानं मला सही करून कागद दिलाय, 'माझी कसलीही तक्रार नाही' म्हणून. आणि निघेपर्यंत मला हात जोडत होता."

"ते राहू दे," मास्तर म्हणाले. "ड्रॅगन मारला."

ती किंचाळलीच. चिखलाच्या हातांनी लॅपटॉप उघडला, चित्र पाहिलं आणि हळूहळू खुर्चीत बसली.

"बाबा, ही घोरपड आहे."

"म्हणजे?"

"दारावरची पहारेकरी. ड्रॅगन दोन दालनं पुढे असतो. त्याला पंख असतात."

"मला वाटलं दुमडून ठेवले असतील."

"असली घोरपड आम्ही बाहेरच्या जंगलात दीड मिनिटात मारतो. तुम्हाला किती वेळ लागला?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे बघत होती. "चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "पण नीट मारली."

ड्रॅगन राहिला म्हणजे दार पंधरा दिवस बंद. लेक काही बोलणार, तोच वकिलाचा फोन आला. "माझ्यामुळे हरलो आपण," तो म्हणत होता. "माझा आज हातच चालत नव्हता." ती म्हणाली, "नाही रे, चूक माझीच." मग आर्किटेक्टचा फोन आला, ती जवळजवळ रडत होती, माझे बाण फार वाईट पडले म्हणून. फोन ठेवून लेक गोंधळून बसली. "हे दोघं कधीपासून इतके भले झाले?"

मास्तर शपथेला जागून गप्प होते. पण खेळात लिहिलेलं सगळं तसंच्या तसं राहतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लेकीनं चौकटीवर बोट फिरवलं आणि वर वर जात वाचायला लागली. 'मी वकिलाची आई' इथे ती थांबली. मग पुढचं वाचलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे आमच्यातलं कुणीच नव्हतं?"

"केमिस्ट होता," मास्तर म्हणाले. "खरा खेळाडू. त्याच्याचमुळे जिंकलो."

त्याच वेळी बाकीचेही वाचत असावेत, कारण अर्धा तास गटावर एक अक्षर आलं नाही. मग केमिस्टनं एक फोटो पाठवला. त्याच्या दुकानाच्या टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या एका बटणावर आडवा ठेवलेला, औषधं कुटायचा जाडजूड बत्ता. खाली लिहिलं होतं, "मी पोहण्याच्या स्पर्धेला गेलो होतो. बोट कापलेलं नाही. आता काढा मला." आणि त्याखाली आणखी एक ओळ, की खेळानं त्या दिवशीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मांत्रिकाला मोती दिलाय, तर तो कुणाचा धरायचा?

मास्तर बराच वेळ त्या बत्त्याकडे बघत बसले. ज्याला पुढे-मागे काहीच नव्हतं असं, अलार्मनंतरचं, ते दुसरं यंत्र होतं.

कुणी कुणाला काढलं नाही. काढायला उरलंच कोण होतं? पंधरा दिवसांनी चौघं खरेच बसले, चौघांचे माइक ठणठणीत होते आणि एकमेकांना अरे-तुरे करत चौघं पोट धरधरून हसत होते. मास्तरांना मागे स्टूलावर बसायची परवानगी मिळाली, पण मधे बोलायचं नाही या अटीवर. दार वर गेलं, दालन दिसलं, घोरपडीनं तोंड उघडलं. मास्तरांनी हळूच मनगट वळवलं आणि घड्याळावर नजर ठेवली.

घोरपड पडल्यावर ते उठून स्वयंपाकघरात गेले.

"काय, झालं का?" बायकोनं विचारलं.

"एक मिनिट बावन्न सेकंद," मास्तर म्हणाले. "दीड मिनिट म्हणाली होती."

"मग सांगा की तिला."

"सांगणार होतो," मास्तर म्हणाले आणि पाण्याचा पेला भरून घेतला, "पण मधे बोलायचं नाही असं ठरलंय."